आराम झाल्यावर काय कराचं जी?

किस्से गोळा करावे लागत नाहीत. चार म्हातारे एका खोलीत बसवा, बाहेर जाऊन चहा पिऊन या. परत याल तेव्हा दोन किस्से तयार असतात आणि एक म्हातारा रुसलेला असतो! मी जन्मभर एसटीत कंडक्टर होतो. तेव्हा वाटायचं, जगातले सगळे किस्से आमच्या लाखांदूर गाडीतच घडतात. रिटायर झालो, गावात विरंगुळा केंद्र सुरू झालं आणि मग कळलं की गाडीतले किस्से निदान आपापल्या स्टॉपवर उतरून तरी जातात. हे उतरत नाहीत.

आमचं गाव पवनी तालुक्यात, आसगावच्या पुढं. एक मोठा तलाव, त्याखाली धानाच्या बांधी, म्हणजे भातखाचरं, आणि घराघरात आम्ही. तरुण पोरं नागपूरला, नाहीतर पुण्याला. केंद्रात रोज येणारे आम्ही चौघंच. दशरथ मामा, गोविंदराव, सरूबाई आणि मी. आता तिघं आहोत. म्हणून तर हे सगळं जास्तच आठवतं.

*

उद्घाटनापासूनच सांगतो.

समाजमंदिराच्या बाजूची खोली रंगवली होती. प्लास्टिकच्या खुर्च्या, एक टीव्ही, एक कॅरम बोर्ड आणि भिंतीवर निळ्या अक्षरात 'ज्येष्ठ नागरिक विरंगुळा केंद्र'. सरपंच तरुण पोरगा, मनाचा चांगला, बोलायला तर फारच चांगला. माईक हातात घेऊन म्हणाला, "तुम्ही आयुष्यभर कष्ट केले. धान रोवले, जाळी टाकली, गाड्या हाकल्या. आता काही करायचं नाही. आता फक्त आराम!"

टाळ्या झाल्या. तेवढ्यात मागून एक हात वर आला. दशरथ मामांचा.

मामा ढिवर समाजातले, मासेमारी करणारे. सगळी हयात तलावाच्या पाण्यात गेली. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, एकुलता मुलगा विनोद नागपूरला कंपनीत. त्यांना सगळं गाव मामा म्हणतं, वयानं मोठे असलेलेसुद्धा.

"एक विचारू का जी?"

"विचारा ना मामा."

"आराम झाल्यावर काय कराचं जी?"

सगळे खो-खो हसले. सरपंच हसला, मीही हसलो. मामा मात्र उत्तराची वाट पाहत उभेच होते. शेवटी कोणीतरी त्यांना पेढा दिला आणि खाली बसवलं.

*

मामांना कॅरम येत नव्हता. पण बोर्डाकडं त्यांचं लक्ष पहिल्या दिवसापासून होतं. खेळाकडं नाही, कोपऱ्यातल्या जाळ्यांकडं. सोंगट्या पडतात ना त्या पिशव्या!

"हे काय विनलं हाये?" मामा बोट लावून म्हणाले. "दोन दिवसांत फाटन."

दुसऱ्या दिवशी पाहतो तर चारही कोपऱ्यांच्या जाळ्या काढलेल्या. मामा मांडी घालून खाली बसलेले, हातात ती जाळं विणायची चपटी लाकडी सुई, तोंडात दोरा. त्या दिवशी आम्ही कॅरम खेळलो नाही, मामांचे हातच पाहत बसलो. गाठ कधी पडते आणि कधी घट्ट होते, समजतही नव्हतं. संध्याकाळपर्यंत चार नव्या जाळ्या तयार. पांढऱ्या, एकसारख्या, पाहत राहावं अशा.

गोविंदरावांनी राणी घेतली. अगदी हिशेबानं कोपऱ्यात घातली. राणी जाळीत पडली, जाळीतून खाली पडली आणि घरंगळत टीव्हीच्या मागं गेली!

मामांचं माप बोटांचं. तलावातल्या जाळ्याचं भोक दोन बोटं जातील एवढं ठेवायचं, म्हणजे बारीक मासे निसटून जातात आणि मोठे होतात. हाताला तीच सवय. कॅरमची सोंगटी त्यांच्या हिशेबात बारीकच!

गोविंदराव सत्तरी उलटलेले, गुडघे दुखतात, तरी टीव्हीच्या टेबलाखाली रांगून राणी शोधत होते. तिथून ओरडले, "मामा, हे काय केलं गा तुमी?"

मामा शांतपणे म्हणाले, "बारीक मासोरी सोडाचीच असते गा."

त्या जाळ्या आम्ही बदलल्या नाहीत. अजून त्याच आहेत. कोणी सोंगटी घातली की एकानं खाली वाकायचं, असा आमच्याकडचा नियम झाला.

*

आता हे रांगणारे गोविंदराव.

घरची धानाची शेती, स्वतःच्या हातानं घातलेले धुरे, म्हणजे शेताचे बांध, स्वतः खणलेली विहीर. उन्हाळी धानाला पाणी द्यायला रोज सकाळी शेतावर जायचे, मोटर सुरू करायची, बांधीत पाणी शिरताना पाहत बिडी ओढायची. हे एवढंच काम उरलं होतं. बाकी सगळं मुलाच्या हाती, ट्रॅक्टरच्या हाती.

मुलगा पवनीला राहतो. बापाची पायपीट त्याला पाहवेना. त्यानं मोटरला मोबाइलवर चालणारा स्टार्टर बसवला. पवनीत बसून बटण दाबायचं, इथं मोटर सुरू. वर मेसेजही येतो, 'मोटर चालू झाली आहे'. मुलगा खूश. म्हणाला, "बाबा, आता तुमी घरीच राहा. काई जायची गरज नाई."

पण गोविंदरावांचे पाय सवयीचे. ते गेलेच. जाऊन मुलाला फोन केला, "मोटर चालू हाये बरं का."

"मले माहीत हाये बाबा. मेसेज आला."

दुसऱ्या दिवशी पुन्हा. "मोटर चालू हाये."

"बाबा, मेसेज येते मले! तुमी कायले फोन करता?"

त्यानंतर त्यांनी फोन केला नाही. एकदा सकाळी गेले तर मोटर चालू, पण पाइप निसटलेला. सगळं पाणी शेजाऱ्याच्या पडीत वावरात. आपली बांधी कोरडी. गोविंदराव धुऱ्यावर बसले, बिडी ओढली आणि घरी आले. संध्याकाळी शेजाऱ्यानं मुलाला कळवलं. मुलगा गाडी घेऊन धावत आला.

"बाबा, तुमी तिथंच होते ना? मंग सांगितलं काहून नाई?"

गोविंदराव म्हणाले, "काहून? मेसेज नाई आला का तुले?"

हे त्यांनी केंद्रात सांगितलं तेव्हा आम्ही टाळ्या वाजवून हसलो. हसणं थांबल्यावर गोविंदराव खाली पाहत म्हणाले, "धानाचा काय गुन्हा होता गा? उगाच तहानलं." मग टीव्हीचा आवाज वाढवून बसले.

*

सरूबाईला आमच्यात कोणी बोलावलं नव्हतं. ती सूप घेऊन आली. सुपात तांदूळ. म्हणाली, "घरी उजेड नाई पुरत, इथं निवडतो." तेव्हापासून रोज तांदूळ, नाहीतर डाळ, नाहीतर नातवाच्या पँटचं बटण. हात कधी रिकामे नाहीत.

एकदा शहरातल्या कॉलेजची एक मुलगी आली. म्हाताऱ्या माणसांचा वेळ कसा जातो, यावर तिला प्रोजेक्ट करायचा होता. गोड मुलगी. मला विचारलं, मी अर्धा तास लाखांदूर गाडी हाकली. गोविंदरावांना विचारलं, ते मोटरबद्दल बोलले. मामा म्हणाले, "विचारू नोको बाई, काम असन त सांग."

मग ती सरूबाईकडं वळली. "आजी, फावल्या वेळात तुम्ही काय करता?"

"फावला म्हंजे?"

"म्हणजे रिकामा वेळ. काम नसतं तेव्हा."

सरूबाईनं खूप विचार केला. खरंच खूप. सुपातला हातही थांबला. "तसा नाई आला अजून," म्हणाली.

मुलगी जरा गोंधळली. "बरं, मग छंद? एखादी आवड? जे करायला तुम्हाला मनापासून आवडतं?"

"हाये ना," सरूबाई लाजली. "मले बसाची लय आवड हाये बाई. लहानपनापासून. पन जमलं नाई."

मुलगी गेल्यावर आम्ही तिला चिडवलं, 'सरूबाईचा छंद' म्हणून. एका बाजूला मामा, बसवून ठेवलं म्हणून तळमळणारे. दुसऱ्या बाजूला ही, बसायला मिळत नाही म्हणून. एकाच खोलीत दोघं! देवाला वाटपाचं काम कोणी दिलं असेल, मला अजून समजलेलं नाही. आमच्या गाडीत असा गोंधळ असता तर मी दोघांच्या सीटा बदलून दिल्या असत्या.

*

मामांचं मात्र बरं चाललं होतं. कॅरमच्या जाळ्या पाहून तलावावरची पोरं फाटकी जाळी आणून द्यायला लागली. मामा केंद्राच्या दारात ऊन पाहून बसायचे आणि दुरुस्त करायचे. कोणाकडून काही घेत नव्हते. येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलणं व्हायचं, रंगही सुधारला होता.

मग कोणीतरी त्यांचा फोटो काढून व्हॉट्सअॅपच्या गावच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'या वयातही कष्ट! सलाम!' फोटो फिरत फिरत नागपूरला पोचला. विनोदच्या नात्यागोत्यातल्या लोकांनी त्याला विचारलं, "काय गा, बापाले अजून काम कराले लावतं?"

रविवारी विनोद आला. चिडलेला नव्हता, रडवेला होता. आमच्या सगळ्यांसमोर बापाच्या पायाशी बसला.

"बाबा, तुमाले काय कमी हाये? कपडे देतो, औषध देतो, जेवनाची सोय केली. सांगा ना, काय कमी हाये?"

मामा म्हणाले, "काम कमी हाये."

विनोदनं जाळी गोळा केली, ज्याची त्याला परत नेऊन दिली आणि सांगितलं, बाबांना पुन्हा काही देऊ नका. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू! पण गाडीत बसताना त्यानं डोळे पुसले तेही मी पाहिलं. वाईट पोरगा असता तर भांडता तरी आलं असतं.

जाताना तो बापाला मोठा मोबाइल देऊन गेला. "टाइमपास होते बाबा. मासोरी पकडाचे व्हिडिओ पाहा."

मामांनी पाहिले. कुठल्यातरी परदेशातल्या नदीवर एक गोरा माणूस घामाघूम होऊन भलामोठा मासा ओढून काढतो, त्याच्यासोबत फोटो घेतो आणि परत पाण्यात सोडून देतो. मामांनी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावला. मग मोबाइल माझ्या हातात दिला.

"कंडक्टर, याले घरी कोनी नाई का गा?"

*

काम गेलं आणि मामा बसायला लागले.

आम्ही रोज पाहत होतो. यायचे, खुर्चीत बसायचे, टीव्ही बंद असला तरी तिकडंच पाहायचे. बोटं मात्र गुडघ्यावर हलत असायची. गाठ मारल्यासारखी. एकदा मी विचारलं, तेव्हा म्हणाले, "माहा बाप असाच गेला गा. पानी सोडलं, जारं सोडलं, मंग खाटेवर बसला. बसला तो बसलाच." आवाजात तक्रार नव्हती. उद्या धान कापायचं आहे, अशा सुरात सांगितलं.

बाहेर पडल्यावर गोविंदराव म्हणाले, "कंडक्टर, काईतरी करा लागते."

पण करणार काय? विनोदच्या धाकानं कोणी जाळं देईना. शिवाय आता बाजारातून तयार जाळी येतात. फाटली की फेकून द्यायची. शेवटी गोविंदरावांनी ओळखीच्या माणसाकडून एक धडधाकट जाळं आणलं. मी दाढीचं ब्लेड आणलं. केंद्राच्या मागं, दोन म्हातारे, इकडंतिकडं पाहत, चांगलं जाळं फाडतो आहोत! कोणी पाहिलं असतं तर पोलिसात दिलं असतं.

मामांच्या पुढं जाळं टाकलं. "मामा, हे जरा पाहून द्या ना. कासवानं फाडलं."

मामांनी जाळं मांडीवर घेतलं. फाटलेली जागा उजेडात धरली. दोऱ्याच्या टोकांवरून बोट फिरवलं.

"लय हुशार कासव हाये," म्हणाले. "सरळ रेघेत फाडते."

आम्ही दोघं छताकडं पाहत होतो.

मामांनी खिशातून लाकडी सुई काढली. ती विनोदनं नेली नव्हती, म्हणजे त्याला सापडली नव्हती. पहिली गाठ मारली आणि मान वर न करता म्हणाले, "उद्या आनखी एक आना जी. कासवाले म्हना, थोडं मोठं फाड."

मग काय! आमच्या गावच्या तलावात कासवांचा सुळसुळाट झाला. गोविंदरावांचं कासव नेहमी कोपऱ्यात फाडायचं, माझं मधोमध. दाराची कडी आतून लावून मामा काम करायचे आणि सरूबाई खिडकीत पहाऱ्याला. एक दिवस ती म्हणाली, "मले बी फाडू द्या ना भाऊ." आणि तिनं ब्लेड सोडून धान कापायचा विळा घेतला! एवढं भगदाड पाडलं की त्यातून म्हैस गेली असती.

मामा त्या भोकाकडं पाहतच राहिले. मग सरूबाईकडं पाहिलं. "बाई, हे कासव नोहे. ही मगर हाये!"

किती वर्षांनी त्यांना पोट धरून हसताना पाहिलं. सरूबाईसुद्धा सूप बाजूला ठेवून हसली. त्या दुपारी ती चक्क बसली होती. अशा दुपारी आणखी मिळायला हव्या होत्या.

*

पावसाळ्यात केंद्राच्या पायरीवर मामांचा पाय घसरला. फार काही नव्हतं. भंडाऱ्याला डॉक्टरांना दाखवलं, मुका मार होता. पण विनोद ठरवूनच आला होता. बाबांना नागपूरला न्यायचं, कायमचं.

मामा आमच्याशी एवढंच बोलले, "सांगून पाहा ना गा त्याले."

आम्ही तिघं विनोदकडं गेलो. बोलायचं मी, असं ठरलं. भरल्या गाडीत मी कधी कोणाचं ऐकून घेतलं नाही. सुट्ट्यावरून, सीटवरून, कशावरूनही, माझ्याकडं उत्तर तयार असायचं. मी विनोदला सगळं सांगितलं. मामांचे हात, मामांचे वडील, सगळं. कासवं तेवढी सोडून.

विनोदनं सगळं ऐकलं. मग म्हणाला, "काकाजी, मी तुमचं ऐकतो. बाबाले इथंच ठेवतो. फक्त एक सांगा. उद्या ते पुन्हा पडले त उचलन कोन? तुमी?"

मी गोविंदरावांकडं पाहिलं. ते गुडघा चोळत होते. सरूबाईनं पदर तोंडाला लावला. मला स्वतःला पायरी चढताना भिंत धरावी लागते.

मी 'हो' म्हणायला हवं होतं. निदान खोटं तरी. पण मी चपलांकडं पाहत राहिलो, आणि तेवढ्यात विनोदनं बॅगा उचलल्या. सून माधुरी मामांचे कपडे गाठोड्यात भरत होती. बंडीत गुंडाळलेली लाकडी सुई तिच्या हाताला लागली. तिनं सुई पाहिली, मामांना पाहिलं आणि सुई तशीच आत ठेवून गाठोडं बांधलं.

गाडी तलावाच्या पाळीवरून गेली तेव्हा मामांनी पाण्याकडं पाहिलं की नाही, ते आम्हाला दिसलं नाही. काच काळी होती.

*

नागपूरला जायला आम्हाला उन्हाळा उजाडला. मी आणि गोविंदराव गेलो. सरूबाईला घरून सुटी मिळाली नाही. तिनं लाखोरीची डाळ बांधून दिली आणि म्हणाली, "मगरीनं दिली म्हून सांगा."

चौथा मजला. लिफ्ट. सगळं स्वच्छ. विनोदनं दारातच आमच्या हातातल्या पिशव्या घेतल्या, आग्रहानं सगळं घर दाखवलं. बाबांची वेगळी खोली, बाबांचा कूलर, बाबांचा टीव्ही. कशातच उणं नव्हतं. "काकाजी, आता बाबाले काईच करा लागत नाई," तो म्हणाला. "दिवसभर गॅलरीत मस्त बसून राहते."

मामा गॅलरीत होते. वाळले होते, पण आम्हाला पाहून उठले. डाळ हुंगली. मगरीची म्हटल्यावर हसले. गावातल्या एकेका माणसाची चौकशी केली, तलावात पाणी किती आहे ते विचारलं. मग आम्ही तिघं केंद्रात बसायचो तसे शेजारी शेजारी बसलो.

गॅलरीला वरपासून खालपर्यंत नायलॉनची जाळी लावलेली होती. शहरात लावतात ना, कबुतरं येऊ नयेत म्हणून. तशी.

माधुरी चहा घेऊन आली. "कबुतरांनी मात्र वैताग आणला हो," ती म्हणाली. "ही जाळी सारखी फाटते. मामाजी आहेत म्हणून बरं, तेच नीट करतात." हे बोलताना तिनं आमच्याकडं पाहिलं नाही. कप ठेवले आणि आत गेली.

मी उठून जवळून पाहिलं. जाळीभर जागोजागी पांढऱ्या दोऱ्याच्या गाठी होत्या. कोपऱ्यात होत्या, मधोमध होत्या. कॅरमच्या जाळ्यांवर होत्या तशाच, एकसारख्या. आणि हाताच्या उंचीवर एक नवं भोक होतं. अजून दुरुस्त न केलेलं.

विनोदही माझ्या मागं येऊन उभा राहिला. "पाहा ना काकाजी. आता बस झालं. या रविवारी ही काढून तारेची जाळी बसवतो. पक्की. मंग फाटाची कटकटच नाई. बाबाले तेवढा बी त्रास नोको."

मामांच्या हातातला कप तिथंच थांबला.

मी गोविंदरावांकडं पाहिलं. या वेळी मला गप्प राहायचं नव्हतं.

"विनोद," मी म्हटलं, "लय हुशार कबुतर दिसते गा तुमच्या इथलं. सरळ रेघेत फाडते."

विनोद हसला. "कबुतर कुठी सरळ रेघेत फाडते काकाजी!"

आमच्यातलं कोणी हसलं नाही. तेव्हा तो पुढं वाकला. भोकात बोट घातलं, दोऱ्याच्या टोकांवरून फिरवलं आणि मग वळून बापाकडं पाहत राहिला.

मामांनी सदऱ्याच्या खिशातल्या सुईवर हात ठेवला.

"राहू दे ना बापू," ते म्हणाले. "रोज येते बिचारं."